पाइक्स पीकच्या माथ्यावर, बाबांबरोबर

बाबांचे गुडघे गेली काही वर्षं साथ देत नाहीत. त्यामुळे कोलोरॅडोत ते आमच्याकडे आल्यावर मी पाइक्स पीक या शिखराचं नाव काढलं, तेव्हा आधी त्यांनी मानच हलवली. "तुम्ही जाऊन या." मग मी सांगितलं, वरपर्यंत रेल्वे जाते आणि अगदी माथ्यावर, 14,115 फुटांवर, नवी इमारत बांधलीय. इमारत म्हटल्यावर ते सावरून बसले. उभं आयुष्य त्यांनी बांधकाम खात्यात काढलंय.

मॅनिटू स्प्रिंग्जहून निघणारी ही कॉग रेल्वे 1891 पासूनची. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचं दातेरी चाक तिच्यात रुतत रुतत वर चढतं. काही ठिकाणी चढ 25 टक्के आहे, साधी गाडी तिथं घसरूनच येईल. सुमारे नऊ मैलांना तासाहून थोडा जास्त वेळ लागला. सुरुवातीला गर्द झाडी, मग वाऱ्यानं एका अंगाला वाकवलेली खुरटी झाडं आणि त्यानंतर नुसता गुलाबीसर ग्रॅनाइटचा खच.

ज्याचं नाव या शिखराला आहे तो अमेरिकी लष्करी अधिकारी झेब्युलन पाइक इथं कधी पोचलाच नाही. 1806 च्या नोव्हेंबरात बर्फानं त्याला परत फिरवलं. वर गेल्याची पहिली नोंद 1820 सालची, एडविन जेम्सची. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी यूट लोक या डोंगराला 'तावा' म्हणत आलेत, म्हणजे सूर्य. मला तेच नाव खरं वाटतं. पहाटेचं पहिलं ऊन खालच्या सपाट मुलखातून येऊन आधी याच माथ्याला लागतं.

खरं सांगते, शिखरावर बांधकाम असू नये असंच माझं मत होतं. गाडीतून उतरल्यावर इमारत कुठं दिसते ते शोधायला लागले. ती माथ्याच्या उतारात बसवलीय, रंग आजूबाजूच्या दगडासारखा, आणि छताचा काही भाग गच्ची म्हणून मोकळा. आत शिरलात की समोर भलीमोठी काच आणि पलीकडे डोंगरांच्या रांगा. प्रदर्शन आणि खाण्यापिण्याची जागा एक मजला खाली. इथली 1964 ची जुनी इमारत पाडली आणि जून 2021 मध्ये ही उघडली.

बाबा काचेपाशी थांबलेच नाहीत. "पाया कसा घातलाय ते बघायचंय." इथली जमीन खाली कायमची गोठलेली असते, पर्माफ्रॉस्ट. खोल्यांची ऊब खाली झिरपली की आतला बर्फ वितळतो, जमीन खचते आणि भिंतींना तडे जातात. शिवाय काँक्रीट ओतायला धड हवामान मिळत नाही. म्हणून भिंतींचे मोठमोठे भाग खाली तयार करून 19 मैलांच्या घाटरस्त्यानं वर आणले आणि जोडले. पाणीसुद्धा टँकरनं वर येतं, सांडपाणी टँकरनंच खाली जातं. नळ सोडताना माझा हात आपोआप आखडता झाला.

हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच. चार पावलं टाकली की धाप लागत होती, म्हणून बाबांना बाकावर बसवलं आणि इथले प्रसिद्ध डोनट आणले. इतक्या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, पीठ जास्त फुगतं, त्यामुळे कृतीच वेगळी ठेवावी लागते. गरम, हलके, बाहेरून खुसखुशीत. तिथंच खावेत; घरी नेऊ म्हणाल तर खाली पोचेपर्यंत ते बसतात.

वर जेमतेम 40 मिनिटं मिळतात. मला ती कमी वाटली. ज्यांना दम लागतो त्यांचा अर्धा वेळ श्वास सावरण्यातच जातो, आणि या इमारतीची खरी गरज त्यांनाच आहे.

निघायची सूचना झाली तेव्हा बाबा बाहेरच्या भिंतीशी उभे होते. हातमोजा काढून दोन भागांमधल्या सांध्यावरून बोट फिरवत होते. वारा इतका होता की मी त्यांचं जाकीट मागून घट्ट धरलं होतं.

"चला बाबा, गाडी सुटेल."

"थांब गं. हा एक सांधा बघू दे."