तुम्ही विचारलंत म्हणून: लेयर टू घेऊ की लेयर थ्री?

"शाखा एमपीएलएसवर जोडायच्या आहेत. लेयर टू व्हीपीएन घेऊ की लेयर थ्री?" हा प्रश्न मला नेहमी येतो (एमपीएलएस म्हणजे पॅकेटला लेबल लावून पुढे नेणारं प्रोव्हायडरचं नेटवर्क, व्हीपीएन म्हणजे त्यावरचं तुमचं खाजगी नेटवर्क; लेयर टू म्हणजे इथरनेटच्या पातळीवरची जोडणी, लेयर थ्री म्हणजे आयपीच्या), आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वेग आणि सुरक्षितता असते. त्या दोन्हींत फरक शोधू नका. प्रोव्हायडरच्या गाभ्यात दोन्हीकडचे पॅकेट लेबलवरच पुढे जातात, आणि एन्क्रिप्शन दोन्हींत आपोआप मिळत नाही. खरा प्रश्न आहे, तुमचं राउटिंग, म्हणजे पॅकेटनी कोणत्या वाटेने जायचं ते, कोण सांभाळणार?

लेयर थ्रीत प्रोव्हायडर त्यात भागीदार होतो. त्याच्या पीई राउटरवर (ग्राहकाला जोडणारा त्याचा कडेचा राउटर) तुमच्यासाठी स्वतंत्र व्हीआरएफ (वेगळं राउटिंग टेबल) असते. तुमचा राउटर पीईशी बीजीपी (रूटची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) बोलतो किंवा स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेले, रूट टाकतात, आणि तुमचे रूट मल्टिप्रोटोकॉल बीजीपीने बाकीच्या पीईंकडे पोचतात. दोन ग्राहकांचं सबनेट एकच असलं तरी चालतं, कारण पत्त्याआधी आठ बाइटचा रूट डिस्टिंग्विशर जोडला जातो. कोणता रूट कोणत्या व्हीआरएफमध्ये घ्यायचा, हे मात्र रूट टार्गेट ही रूटला लावलेली खूण ठरवते. शाखांनी एकमेकींशी न बोलता फक्त मुख्यालयाशी बोलावं, हीसुद्धा रूट टार्गेटचीच करामत. नवी शाखा आली की तिचं पीईशी एक नातं जुळवायचं, जुन्या राउटरना हात लावावा लागत नाही.

लेयर टूत प्रोव्हायडर तुमचा आयपी बघतच नाही. दोन टोकं असतील तर स्यूडोवायर (दोघांमधली आभासी तार), अनेक असतील तर व्हीपीएलएस, म्हणजे सगळ्या शाखा जणू एकाच मोठ्या स्विचला लावलेल्या. ओएसपीएफ (राउटरनी आपसात वाटा शोधायचा प्रोटोकॉल) चालवा, आयपीव्ही६ चालवा, कोणाला विचारायला नको. पण स्विचची दुखणीही सोबत येतात. एका शाखेत लूप झाला तर ब्रॉडकास्टचा पूर सगळ्यांच्या दारात येतो.

आणखी एक गोष्ट फार छळते. तुमची केबल प्रोव्हायडरच्या जवळच्या स्विचमध्ये असते. मध्ये कुठे सर्किट तुटलं तरी तुमचा पोर्ट अप दिसू शकतो, दिवा हिरवाच. स्टॅटिक रूट असेल तर ट्रॅफिक तसाच खड्ड्यात जात राहतो. ओएसपीएफलाही डीफॉल्ट डेड टायमरवर (शेजारी गेला असं मानायची मुदत) कळायला ४० सेकंद लागतात. म्हणून लेयर टूवर बीएफडी (जोडणी तुटल्याचं झटकन ओळखणारा प्रोटोकॉल) लावाच. सर्किट ताब्यात घेताना डीएफ बिट (पॅकेट तोडू नका ही खूण) लावून १४७२ बाइटचा पिंग मारून बघा. साधा पिंग जातो आणि हा अडकतो, तेव्हा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) कमी दिलेला असतो आणि पुढे अॅप्लिकेशनवाले तुमच्या नावाने खडे फोडतात.

माझं मत स्पष्ट आहे. शाखा पुष्कळ, नेटवर्कची माणसं दोन-तीन, तर लेयर थ्री. दोन डेटा सेंटरमध्ये एकच व्हीएलॅन (एक सलग लेयर टू नेटवर्क) ताणायची असेल, किंवा राउटिंग परक्या हाती द्यायचं नसेल आणि ते पेलणारी टीम असेल, तर लेयर टू. दोन्ही एकत्र घ्यायलाही काही हरकत नाही, डेटा सेंटरमध्ये लेयर टू आणि शाखांना लेयर थ्री ही जोडी छान चालते.

व्हीपीएलएस मात्र आता नव्याने घेऊ नका, त्याचा नवा पर्याय ईव्हीपीएन मिळतं का ते विचारा. २०१५च्या आरएफसी ७४३२मध्ये ते प्रमाणित झालं. त्यात पीई एकमेकांना मॅक पत्ते (उपकरणांचे हार्डवेअर पत्ते) बीजीपीने कळवतात, त्यामुळे फ्लडिंग, म्हणजे पत्ता माहीत नाही म्हणून सगळीकडे पाठवणं, कमी होतं, आणि दोन पीईंना जोडलेल्या साइटच्या दोन्ही लिंक एकाच वेळी वापरता येतात. व्हीपीएलएसमध्ये त्यातली एक बहुधा नुसती स्टँडबाय पडून राहते, आणि भाडं दोन्हींचं भरावं लागतं.