पांगच्या उतारावरची पँट

मनाली–लेह रस्त्यावर इतकं लिहून झालंय की बारालाचाचा बर्फ आणि सरचूची थंडी मी पुन्हा सांगत बसणार नाही. मला लिहायचंय मोटरसायकल चालवताना घालायच्या रायडिंग पँटबद्दल. माझ्या भाचीची, सईची पँट माझ्या डोळ्यांदेखत खडीवर घासली गेली आणि आतला गुडघा शाबूत राहिला. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जातच नाही. आपल्याकडे जॅकेटवर तासन् तास बोलतात, पँटचं नाव काढलं की "जीन्स आहे की!"

आम्ही दोघींनी गाड्या रेल्वे पार्सलनं अंबाल्याला पाठवल्या आणि तिथून पुढे चालवत गेलो. मैदानातल्या उन्हानं जीव नकोसा केला. मांड्यांवरच्या व्हेंटच्या चेनी सताड उघड्या ठेवूनही गाडी सिग्नलला थांबली की आत घामाच्या धारा. एवढ्या उकाड्यात पूर्ण गियर घालणं सुखाचं आहे असं मी म्हणणार नाही, पण चालत्या गाडीवर वारा लागतो आणि सहन होतं. मनालीत एक मुक्काम, मग ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा, आणि बाहेर पडलो तर लाहौल. तांडीच्या पंपावर ती प्रसिद्ध पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. टाक्या भरल्या, कॅन भरले, जिस्पाला पोहोचलो.

जिस्पात संध्याकाळी नदीकाठी देशभरचे रायडर जमलेले. जॅकेटं एकाहून एक. कमरेखाली मात्र जीन्स, नाहीतर ट्रॅक पँट, आणि त्यावर वेल्क्रोनं आवळलेले गुडघ्याचे गार्ड. ते गार्ड तासाभरात नडगीवर उतरतात, मग जो तो थांबला की ते वर ओढत असतो. यात पोरांचा दोष आहे असं मला वाटत नाही. चांगल्या पँटला दहा-बारा हजार जातात, बाहेरच्या कंपनीची घेतली तर त्याच्या कितीतरी पट. कायद्यालाही फक्त डोकं माहीत आहे; मोटार वाहन कायद्याच्या १२९ कलमात हेल्मेट आहे, बाकी शरीर ज्याचं त्यानं बघावं. पण डोंगरातलं पडणं कसं असतं ते एकदा नीट बघा. शर्यतीतला रायडर गुळगुळीत डांबरावर लांब घसरत जातो, म्हणून तो चामड्याचा सूट घालतो. आपण टूरिंगवाले पडतो ते विशी-तिशीच्या वेगात, खडीवर, ओढ्यात, वळणावर. सामानासकट दोनशे किलोंच्या वर गेलेली गाडी अंगावर येते आणि खाली टोकदार दगड असतो. आधी टेकतो तो गुडघा, नाहीतर कुल्ला, घोटा.

दुसऱ्या दिवशी झिंगझिंगबारच्या पुढे पावसानं गाठलं, आणि इथे माझं पहिलं भांडण. बऱ्याच पँटींना पावसाचं लायनर, म्हणजे पाणी अडवणारं अस्तर, आतून लावायचं असतं. म्हणजे पाऊस आला की बूट काढा, पँट पूर्ण उतरवा, लायनर चढवा, पुन्हा पँट, पुन्हा बूट. पुरुष रस्त्याकडे पाठ करून मोकळे होतात. आम्ही बायकांनी काय करायचं? त्या भागात आडोशाला झाड नाही, भिंत नाही, नुसता उघडा डोंगर आणि एकामागून एक येणारे ट्रक. शिवाय लायनर आत असलं की बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्यात गार पडतं. आपण कोरडे असतो पण थंडीनं कुडकुडत असतो. आम्ही दोघींनी लायनर घरीच ठेवलं होतं आणि साधी रेनपँट वरून चढवली. तिला बाजूनं कमरेपर्यंत चेन आहे, बूट न काढता दोन मिनिटांत चढते. ज्या ग्रुपबरोबर आम्ही जात होतो त्यातल्या एका मुलीकडे आतलंच लायनर होतं. आम्ही दोघींनी पोंचो धरून तिच्याभोवती आडोसा केला. ती रडकुंडीला आली होती, आणि मला तिच्यापेक्षा ती पँट डिझाइन करणाऱ्याचा राग येत होता.

दुसरं भांडण याहून मोठं आहे. लघवीला जायचं तर ग्लोव्ह्ज, जॅकेट, कमरेला जॅकेट-पँट जोडणारी चेन, पट्टा, पँट, थर्मल. हे सगळं उतरवून पुन्हा चढवायचं, तेही दम लागणाऱ्या उंचीवर. ती जोडणारी चेन कामाची आहे, घसरताना जॅकेट पाठीवर सरकू देत नाही. पण म्हणून बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. सकाळी चहा टाळतात, दिवसभर बाटलीला तोंड लावत नाहीत, आणि संध्याकाळी सरचूच्या तंबूत डोकं धरून बसतात. त्या कोरड्या हवेत नुसत्या श्वासावाटे पाणी जात असतं, त्यात प्यायचंही नाही म्हणजे दुखणं ओढवून घेणं आहे. मी सईला दर थांब्याला पाणी प्यायला लावत होते आणि ती "मावशी, पुढे जागा आहे का बघ आधी" म्हणत होती. सरचूची रात्र झोपेविना गेली, एवढंच तिच्याबद्दल.

गाटा लूप्सची २१ वळणं चढून नकी ला (ला म्हणजे खिंड), मग ५ हजार मीटरच्या वरची लाचुंग ला, आणि तिथून पांगकडे उतार. रस्ता कामासाठी उखडलेला, वर सुटी खडी आणि पिठासारखी धूळ. सई पुढे, मी मागे अंतर ठेवून. वळणावर समोरून ट्रक आला, तिनं कडेला जागा दिली आणि पुढचं चाक खडीवर सटकलं. गाडी डावीकडे पडली, सई तिच्याबरोबर. पाय गाडीखाली, आणि दोघीही उतारावर पाच-सहा फूट घासत गेल्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो, लोखंडाचा आणि त्याच्याखालचा कापडाचा.

ट्रकच्या ड्रायव्हरनं ब्रेक लावला, क्लीनर धावत आला. आम्ही गाडी उचलली. लेगगार्डमुळे खाली थोडी जागा राहिली होती, पाऊल सुटं निघालं. तिला लगेच उठवायचं नाही एवढं मला पक्कं ठाऊक होतं. बोटं हलव म्हटलं, हलली. घोटा फिरव, फिरला. गुडघा वाकव म्हटलं तेव्हा तिनं श्वास रोखला, हळूच वाकवला आणि म्हणाली, "दुखतंय, पण माझाच आहे." मग मी पँट बघितली. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कापड पांढरं पडून त्याचे तंतू उभे राहिले होते. कुल्ल्याजवळ शिवण चार बोटं उसवली होती, तिथून आतलं आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, दिसत होतं. चेन उघडून हात घातला. आतलं जाळीचं अस्तर अखंड. गुडघ्याचं आर्मर वाटीवर जिथल्या तिथे. त्वचेवर नुसता लाल डाग, संध्याकाळी तो निळा झाला.

जिथल्या तिथे, हे फार महत्त्वाचं आहे आणि ते आपोआप झालेलं नव्हतं. सईची उंची पाच फूट एक. दुकानात मुलींसाठी म्हणून जे होतं ते पुरुषी मापाचं छोटं रूप होतं. कुल्ल्यात बसेल असं माप घ्यावं तर पाय लांब, आणि गुडघ्याचा खिसा थेट नडगीवर. कितीही चांगलं आर्मर असो, ते गुडघ्यावरच नसेल तर काय उपयोग? आर्मरवर ईएन १६२१ हे युरोपीय मानक लिहिलेलं असतं, लेव्हल १ आणि लेव्हल २. हातापायांच्या आर्मरमधून पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा जास्त बल जाऊ नये ही पहिली लेव्हल, दुसरीत २० पेक्षा जास्त नाही. कपड्याची वेगळी परीक्षा आहे, ईएन १७०९२. तिच्यात फिरत्या यंत्रावरून कापड काँक्रीटवर सोडतात. गुडघा, कुल्ला अशा धोक्याच्या जागी एएए दर्जाला ताशी १२० किलोमीटरचा वेग, एएला ७०, एला ४५. दुकानदार आपल्याला ६०० डेनियर सांगतो, पण ते नुसतं धाग्याचं वजन, ९ हजार मीटरला ६०० ग्रॅम. शिवण किती टिकेल हे त्यातून कळत नाही, आणि उसवते ती शिवणच. हे आकडे जरूर बघा, पण त्याआधी दुकानात उभ्या असलेल्या गाडीवर बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा आणि गुडघ्यावर हात ठेवून आर्मर चाचपा. बसल्यावर पँट वर सरकते. उभं राहून आरशात बघितलेलं माप खोटं असतं.

म्हणूनच निघण्याआधी सईची पँट आम्ही पुण्यात रविवार पेठेत बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडे नेली होती. नेहमीच्या शिंप्याच्या मशीनवर हे कापड घेत नाहीत, सुई मोडते. काकांनी तिला स्टुलावर दुचाकीवर बसल्यासारखं बसवलं, खडूनं वाटीची जागा आखली, खिसा तीन बोटं वर घेतला आणि गुडघ्याच्या खाली इलॅस्टिकचा पट्टा लावला, म्हणजे आर्मर गोल फिरू नये. कुल्ल्याचे खिसे रिकामे आले होते, आर्मर वेगळं विकत घेऊन घातलं. काकांनी तीनशे रुपये घेतले. पांगच्या उतारावर मला त्या खडूच्या रेघा आठवत होत्या.

सई हळूहळू चालवत पांगला आली. तंबूतल्या आमालेंनी (लडाखीत आईला आदरानं आमाले म्हणतात) आधी काही विचारलंच नाही. तिला बुखारीजवळ, म्हणजे शेकोटीच्या शेगडीजवळ, बसवलं, गरम पाणी दिलं आणि पँट उतरवायला लावून स्वतःची गोंचा, लडाखी लांब अंगरखा, पांघरायला दिली. मग उसवलेली शिवण उजेडात धरून म्हणाल्या, "पैर ठीक है ना? कपड़ा तो सिल जाएगा." गादीखालून दाभण काढलं, तंबू शिवायचा जाड दोरा ओवला आणि बसल्या शिवायला. टाका घालायचा, दातांनी दोरा ताणायचा, पुढचा टाका. मध्येच गिऱ्हाइकांना मॅगी देऊन यायच्या आणि पुन्हा पँट मांडीवर. शिवणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, जेवणाचे तेवढे घेतले. मी बऱ्याच हॉटेलांत राहिले आहे, पण माझ्या माणसाची अशी काळजी कुठल्याही रिसेप्शनवर घेतली गेली नाही. निघताना सई त्यांच्या गळ्यातच पडली.

मोरे प्लेन्स, टांगलांग ला, उपशी, लेह. बघण्यासारखं खूप होतं, माझं लक्ष मात्र सईच्या डाव्या पायाकडे होतं.

पुण्यात परतल्यावर मार बसलेलं आर्मर बदललं. एकदा जोरात आदळलेलं पुन्हा वापरू नये, बाहेरून धड दिसलं तरी. आमालेंचे टाके तसेच ठेवले, काकांनी त्यावरून फक्त मशीन मारली. आणि पँट बनवणाऱ्या कंपनीला आम्ही सविस्तर लिहिलं. "मुलींसाठी आमच्याकडे एस साइज उपलब्ध आहे," असं दोन ओळींचं उत्तर आलं. आम्ही पुन्हा लिहिलंय. या वेळी आमच्या ओळखीतल्या गाडी चालवणाऱ्या सगळ्या बायकांची मापं सोबत जोडली आहेत: कंबर, कुल्ला, आणि बसल्यावर कमरेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतचं अंतर. पहिलीच मागणी बाजूच्या चेनची आहे, घोट्यापासून थेट कमरेपर्यंत. ज्यांना आपली मापं द्यायची असतील त्यांनी मला पाठवा, यादीत घालते.