गोळीबार चौकाजवळ एकटीचे जेवण

कोल्हापूरहून दुपारी निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस संपूर्ण रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बहुतेक भाग चालत राहते, तेव्हा कुठे नागपूर येते. एवढ्या वेळात हवा, मातीचा रंग आणि शेजारच्या प्रवाशांची बोली, सारेच बदलून गेलेले असते. डिसेंबरमध्ये विद्यापीठाच्या एका कामासाठी मी एकटीच तिकडे गेले होते. नागपूर कराराला धरून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन या शहरात भरते आणि त्या दिवसांत लॉजमध्ये जागा मिळणे अवघड असते. सीताबर्डीत कशीबशी एक खोली मिळाली, पण जेवणाची सोय तिथे नव्हती.

सावजी जेवण जेवायचे आणि तेही ज्या वस्तीत ते रुजले तिथेच जाऊन, हे मी घरून निघतानाच ठरवले होते. त्याला कारण आहे. मी इचलकरंजीची. १९०४ साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग आला आणि पुढे सगळे गावच मागांच्या खडखडाटावर जगू लागले; माझे वडीलही आयुष्यभर मागावर उभे राहिले. सावजी रस्सा नागपुरातल्या हलबा कोष्टी समाजाच्या, म्हणजे विणकरांच्याच चुलीवरचा. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली त्याच्या कितीतरी आधीपासून या शहरात हातमाग चालत होते. मागावरची माणसे इथे काय जेवत होती, हे मला त्यांच्याच गल्लीत बसून समजून घ्यायचे होते.

संध्याकाळी सीताबर्डीहून मेट्रोने अग्रसेन चौकात उतरले आणि विचारत विचारत गोळीबार चौकाच्या बाजूला गेले. थंडी चांगलीच पडली होती आणि दुकानदार कानटोप्या घालून बसले होते. एका आडगल्लीत सावजी भोजनालयाची पाटी दिसली आणि तिच्याच खाली, लहान अक्षरांत, परमिट रूम असे लिहिलेले होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना आवश्यक केला, त्यातून आलेले हे शब्द अजून आपल्या पाट्यांवर टिकून आहेत. गाडीतून येताना लागलेल्या वर्धा जिल्ह्यात, गांधीजींच्या सेवाग्रामामुळे, कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. तिथून रेल्वेने तास-सव्वा तासावर असलेल्या या गल्लीत मात्र कामावरून सुटलेली माणसे निवांत बसली होती.

दाराशी मी थांबले, हे मान्य केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात, रात्री नऊच्या सुमारास, एकट्या बाईला टेबल देता येणार नाही असे मला स्वच्छ शब्दांत सांगण्यात आले होते. त्या रात्री मी खोलीवर बिस्किटे खाऊन झोपले. भुकेपेक्षा, आपण काहीतरी गैर मागितले की काय, ही भावनाच मला अधिक लागली होती आणि ती पुष्कळ दिवस गेली नाही.

इथे साठीच्या घरातले एक वाढपी पुढे आले. खांद्यावर पंचा, अंगात हातविणीचा स्वेटर. ‘किती जण?’ असे त्यांनी विचारले. एकटीच, असे मी म्हणाले.

‘फॅमिलीची जागा वर आहे, ताई. तिकडे बसता का?’

वर म्हणजे पडदे लावलेले कप्पे असणार. मी म्हटले, भाऊ, इथेच खाली बसले तर चालेल का? त्यांनी एक क्षणही विचार केला नाही. भिंतीजवळचे दोघांचे टेबल पुसले, समोरची खुर्ची उचलून दुसरीकडे नेली, आणि म्हणाले, ‘बसा न. इथे कोणी काही म्हणत नाही.’ ती खुर्ची त्यांनी का नेली, हे मला नंतर लक्षात आले. कोणीतरी यायचे राहिले आहे असे आता त्या टेबलाकडे पाहून वाटत नव्हते. ते एका माणसाचे पूर्ण टेबल झाले होते.

आठ-दहा टेबलांची ती खोली होती. एका टेबलावर तिघेजण कुणाच्या तरी लग्नाची बोलणी करीत होते. दुसरीकडे एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्राची घडी ग्लासाला टेकवून वाचत होते, आणि वाढपी त्यांना न विचारताच हवे ते आणून देत होते. मी मटण, ज्वारीची भाकर आणि एक बीअर सांगितली. बीअरबरोबर बशीत तळलेले फल्लीदाणे आले, म्हणजे शेंगदाणे.

‘तिखट चालते न तुम्हाले?’

मी कोल्हापूरकडची आहे, असे सांगितले. ‘मंग तं फिकर नाही,’ ते म्हणाले आणि दोन पावले जाऊन परत वळले, ‘तरी रस्सा हळूहळू घ्या. वरून सांबार टाकू का?’ विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला माहीत होते, टाका म्हटले.

ताट आले. वाटीतला रस्सा जवळजवळ काळा होता आणि त्यावर तर्रीचा बोटभर थर होता. भाकरीचा तुकडा त्यात बुडवला की तर्री आधी बाजूला सरे, खालचा दाट रस्सा तुकड्यात शिरे, आणि तुकडा वर काढताना तर्री पुन्हा मिटून एकसंध होई. तो काळेपणा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा आणि खड्या मसाल्याचा: लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, खसखस. जुन्या घरांत हा रस्सा जवसाच्या तेलात होत असे. आमच्याकडच्या तांबड्या रश्श्याशी त्याची तुलना मनात सुरू होणे साहजिक होते. आमचा रस्सा पहिल्याच घासाला जिभेवर चढतो आणि कांदा-लसूण मसाल्याचा वास नाकात शिरतो. सावजी रस्सा जिभेला आधी काहीच सांगत नाही. खोबऱ्याचा गोडवा लागतो, मग मटणाची चव, आणि तिसऱ्या-चौथ्या घासानंतर लवंग-मिरीची ऊब घशातून कानांपर्यंत पोहोचते व तिथेच मुक्काम करते. बाहेरच्या थंडीत ही ऊब मला फार सुखाची वाटली. चार माणसांत बसून गप्पा मारत जेवले असते, तर यातला निम्मा क्रम माझ्या ध्यानातच आला नसता.

जेवता जेवता वडील आठवले. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत ते कारखान्याजवळच्या खानावळीत जेवत. मी सात-आठ वर्षांची असताना आईने काही निरोप देऊन मला शेजारच्या काकांबरोबर तिकडे पाठवले होते. ते कोपऱ्यात एकटे बसले होते, भुवयांवर सुताची पांढरी तूस, आणि समोरच्या ताटाकडे पाहत सावकाश जेवत होते. बाबांना बोलायला कोणी नाही, असे वाटून मी घरी येऊन रडले होते. बारा तास मागांच्या आवाजात उभ्या राहणाऱ्या माणसाला ती वीस मिनिटे कशी वाटत असतील, हा विचार मी त्या गल्लीत बसेपर्यंत कधी केला नव्हता. त्यांना विचारायला आता ते नाहीत.

खोलीत मधूनमधून कोणी माझ्याकडे पाहत होते, पण शेजारच्या टेबलाकडे पाहावे तसेच. वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थांनी उठताना फक्त एवढेच विचारले, ‘बाहेरगावच्या दिसता. रस्सा पचला का?’ पचला, म्हटले. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मफलर गुंडाळून निघून गेले.

शेवटी भाताबरोबर मी रस्सा पुन्हा मागून घेतला. बिलाबरोबर बडीशेप आली, आणि वाढपीभाऊ म्हणाले की उद्या पाया आहे, सकाळपासून शिजत ठेवतात, असाल तर या.

दुसऱ्या दिवशी काम लांबले आणि मला पोहोचायला साडेनऊ झाले. भिंतीजवळचे ते टेबल रिकामे होते आणि त्याला खुर्ची एकच होती. किती जण, हे त्यांनी आज विचारले नाही. पाण्याचा ग्लास ठेवत म्हणाले, ‘उशीर केला न ताई. पाया संपत आला होता, एक वाटी काढून ठेवली आहे.’