अंगठ्याचे सहा आठवडे

गेलं दीड वर्ष मी गिटारवर एकच गाणं वाजवतेय, फक्त शब्द बदलतात. म्हणजे बसवली असतील वीसेक, पण उजवा हात सगळीकडे तोच. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका आणि परत उलट. गिटारच्या भाषेत बोटांची आद्याक्षरं: पी-आय-एम-ए-एम-आय. कॉर्ड, म्हणजे डाव्या हाताने धरलेला सुरांचा गुच्छ, कुठलीही येवो, हात आपला रहाटगाडग्यासारखा फिरत असतो. जूनमध्ये एका रात्री नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं, "कालचंच चाललंय का?" कालचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वही काढली.

आठवडा १

सगळे करतात तोच मूर्खपणा केला. नेटवरून चार नवे पॅटर्न उतरवले, सोमवार ते गुरुवार रोज एक. रविवारी गाणं म्हणायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला हात गुपचूप जुन्या वाटेला लागला.

मग फोन उशीवर ठेवून रेकॉर्ड केलं. वाजवताना जे ऐकू येत नाही ते नंतर फार ऐकू येतं. अंगठा दर आवर्तनात एकदाच कॉर्डच्या मूळ सुरावर धपकन पडतो आणि उरलेला वेळ झोपा काढतो. बाकीची बोटं पळापळ करतात, पण खाली जमीनच नाही. म्हणजे माझ्याकडे पॅटर्न कमी नव्हते. अंगठ्याला स्वतःचं काम नव्हतं.

आठवडा २

चारही पॅटर्न बंद. ट्रॅव्हिस पिकिंग, म्हणजे अंगठा ठोक्याठोक्याला बेसचे जाड सूर धरून ठेवतो आणि बोटं मधे वरचे सूर पेरतात. तेही आधी फक्त अंगठा.

नाव अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसवरून (१९१७-१९८३). हा केंटकी राज्यातल्या म्युलेनबर्ग काउंटीचा, कोळसाखाणींच्या मुलखातला. त्याने हे उचललं मोझ रेजर आणि आयक एव्हर्ली या तिथल्याच वादकांकडून. त्यांच्याही मागे आर्नोल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक उभा आहे, ज्याचं नाव पॅटर्नला लागलं नाही. ट्रॅव्हिस स्वतः बहुतेक वेळा अंगठा आणि तर्जनी एवढ्यावर काम भागवायचा, हे वाचून मला माझ्या चार बोटांची जरा लाजच वाटली.

रोजचा व्यायाम: सी कॉर्ड धरायची, अंगठ्याने पाचवी तार, चौथी, पाचवी, चौथी (सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी). मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, दर ठोक्याला एक. दहा मिनिटं. अत्यंत रटाळ. चौथ्या दिवशी सोडून द्यायच्या बेतात होते.

मी लहानपणी दोन वर्षं तबल्याला जायचे. प्रारंभिकची परीक्षा दिली आणि सोडलं. तेव्हा डाव्या हाताची हीच बोंब होती. उजवा तबल्याच्या चाटीवर करामती करायचा आणि डग्गा आठवण झाली की वाजायचा. सर तबला बाजूला सारायचे, मांडीवर ताल द्यायला लावायचे आणि बोल मोठ्याने म्हणून घ्यायचे. तोंडात बसले नाही ते हातात येणार नाही, हा त्यांचा नियम. पंचवीस वर्षांनी तो उपयोगी पडला. अंगठा म्हणजे डग्गा, बोटं म्हणजे चाटी. बोल मीच पाडले: अंगठा 'धुम', बोट 'ति', दोन्ही एकदम 'झं'.

झं – धुम-ति धुम-ति धुम –

पहिल्या ठोक्याला अंगठा आणि मधलं बोट एकत्र. दुसऱ्यानंतर तर्जनी दुसऱ्या तारेवर, तिसऱ्यानंतर मधलं पहिल्या तारेवर. चार ठोके चारही अंगठ्याचे, बोटं पहिला 'झं' सोडला तर फक्त मधल्या फटीत. भांडी घासताना, रिक्षाच्या रांगेत, सगळीकडे म्हणत होते. गिटारवर आणलं ते नंतर, ५० वर.

आठवडा ३

वाजवत होते, सासूबाई आल्या. "अगं, दूधवाल्याचे किती लिटर झाले?"

अंगठा जागच्या जागी थांबला. म्हटलं, "सत्तावीस दिवस एकेक आणि त्यातले पाहुणे होते ते चार दिवस एकेक जास्त, एकतीस." उत्तर बरोबर आलं, ताल मेला. म्हणजे अंगठा अजून डोक्याने चाललाय, सवयीने नाही. तेव्हापासून हीच परीक्षा ठेवली. वाजवता वाजवता कुणी बोललं तर उत्तर द्यायचं, थांबायचं नाही. सासूबाईंना कारण सांगितलं नाही, त्या आपणहून पुरेशा येतात.

याच आठवड्यात करंगळीचा शोध लागला. तारा बदलताना पाहिलं, साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या गोल भोकाच्या, खाली पॉलिश गेलेला एक मंद डाग. दीड वर्ष करंगळी तिथे रोवून बसले होते, आणि इतकी दाबून की मनगटापर्यंत सगळं ताठ. पूर्ण उचलून पाहिली तर हात वाऱ्यावर गेला, एकही तार सापडेना. 'करंगळी टेकवणं पाप' असं सांगणारे बरेच भेटतात, पण खुद्द ट्रॅव्हिस उरलेली बोटं गिटारवर टेकवायचा. टेकवावी, रोवू नये. त्यासाठी तिकिटाएवढा कागदाचा कपटा करंगळीखाली ठेवते आणि वाजवताना मधेच डाव्या हाताने ओढते. अलगद निघाला तर ठीक. पहिल्या दिवशी फाटला.

(तारांबद्दल एवढंच, डोंबिवलीच्या पावसाळ्यात नवा सेट तीन आठवड्यांत गंजका लागतो. यंदा पहिली तार ०.०१२ ऐवजी ०.०११ इंच जाडीची असलेला लावला. बोटांना हलका, आवाजाला किंचित पातळ. अंगठ्याच्या कामासाठी मला चालतो.)

आठवडा ४

ऑफिसचं ऑडिट. पाच दिवस गिटार उचलली नाही. बोल मात्र लोकलमध्ये चालू होते. शनिवारी बसले तर ५० चे ६० आपोआप झालेले.

रविवारी सासूबाई भाजीवाल्याच्या सुट्ट्या पैशांबद्दल बोलायला आल्या. सगळं बोलणं होईपर्यंत अंगठा चालू राहिला. हिशेब चुकला, वीस रुपये जास्त गेले. वहीत दोन्ही नोंदी आहेत.

आठवडा ५

तळव्याची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवर, टेकवून जाड तीन तारा दाबायच्या, म्हणजे बेस 'धूंऽऽ' न होता 'धुप' होतो आणि वरचे सूर सुटे ऐकू येतात. जागेचा खेळ आहे. हात जरा पुढे सरकला की पुठ्ठ्यावर मारल्यासारखं वाजतं, मागे गेला की काहीच फरक पडत नाही. मला जागा सापडायला तीन संध्याकाळी लागल्या, पण जेव्हा सापडली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की खोलीत दोघं वाजवताहेत. नवरा काही बोलला नाही. पण हेडफोन काढून ठेवले होते.

आठवडा ६

सी आणि ए मायनर ८४ वर नीट. जीमध्ये सहावी आणि चौथी, तेही ठीक. डीवर सगळं कोसळतं.

कारण आता कळलंय. डीमध्ये बेस चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर येतो, म्हणजे अंगठ्याला तिसऱ्या तारेवर जावं लागतं. आणि पी-आय-एम-एच्या हिशेबात तिसरी तार तर्जनीची. दीड वर्षं तिथे ती एकटी बसलीय, आता अंगठा आला तर सरकायला तयार नाही. डाऊन लोकलमध्ये तिघांच्या बाकावर टेकायच्या चौथ्या सीटसारखं झालंय. दोघं अर्धे अर्धे टेकतात आणि कुणालाच धड बसता येत नाही.

या आठवड्यात फक्त डी. मेट्रोनोम ४६, तर्जनी दुसऱ्या तारेवरच, आणि रविवारी पुन्हा फोन उशीवर.