डायल-अपचा नंबर बदलताना : माझा अनुभव

फोनच्या लाइनवरून नेट जोडणाऱ्या मोडेमवर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट, छापलेलं असायचं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या दोन कॉम्प्युटरांच्या चित्रावर माउस नेला की दिसायचं ३१,२००. जिल्ह्यापुरता सी वर्गाचा परवाना घेऊन डायल-अप चालवणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या आयएसपीकडे, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्याकडे, सर्वाधिक तक्रार हीच यायची. मोडेम नवा, घरची लाइन स्वच्छ, तरी आकडा ३३,६००च्या वर सरकत नाही. दोष ग्राहकाचा नव्हता, आमच्या टोकाचा होता.

आमच्याकडे १६ साध्या टेलिफोन लाइन, १६ बाहेरचे मोडेम, एक १६ पोर्टांचं सीरियल कार्ड आणि लिनक्सचं एक मशीन होतं. कॉल एक्स्चेंजमध्ये डिजिटल होतो आणि आमच्या तांब्याच्या तारेवर येताना पुन्हा अॅनालॉग होतो. व्ही-९०ला, म्हणजे ५६ केच्या मानक पद्धतीला, वाटेत असं रूपांतर फक्त एकदाच चालतं, तेही ग्राहकाच्या बाजूला. आयएसपीच्या टोकाला लाइन डिजिटलच हवी, नाहीतर दोन्ही मोडेम मुकाट्याने व्ही-३४ या ३३,६००पर्यंतच्या जुन्या पद्धतीवर उतरतात. म्हणून साध्या लाइन सोडून ई-१वर, म्हणजे तीस कॉल एकदम नेणाऱ्या डिजिटल लाइनवर, पीआरआय पद्धतीची जोडणी घ्यायची, मोडेमच्या ढिगाऱ्याऐवजी रॅस, म्हणजे रिमोट अॅक्सेस सर्व्हर, बसवायचा आणि १७२ने सुरू होणारा सहा आकडी नंबर चालू करायचा, असं ठरलं. या नंबराला लोकल कॉलचाच आकार पडायचा.

जुन्या व्यवस्थेचं खरं दुखणं वेगाचं नव्हतंच, हंटिंगचं होतं. पहिली लाइन व्यस्त असली की कॉल दुसरीवर, मग तिसरीवर जातो. त्यात तिसऱ्या लाइनवरचा मोडेम गोठला तर तो फोन उचलत नाही, पण लाइन व्यस्तही दाखवत नाही. परिणामी पुढचे सगळे कॉल तिथेच वाजत राहतात आणि खालचे तेरा मोडेम रिकामे बसतात. मोडेमवर आलेले कॉल उचलणारा एमगेटी हा प्रोग्रॅम मोडेम जिवंत आहे का, हे मूळ सेटिंगप्रमाणे तासातून एकदाच तपासतो. आम्ही ते दर दहा मिनिटांवर आणलं. तरीही मोडेम मेलाच तर त्या लाइनच्या दोन तारा जोडणीच्या फळीवर शॉर्ट करायच्या. एक्स्चेंजला वाटतं फोन उचललेला आहे आणि हंटिंग पुढे सरकतं. उन्हाळ्यात गोठण्याचं प्रमाण वाढायचं, कारण मोडेम एकावर एक रचलेले असायचे. मधे बाटलीची बुचं ठेवून फट काढली तर बराच फरक पडतो.

ई-१ची जोडणी कागदावर सोपी दिसते. एकूण ३२ वेळेच्या खाचा : शून्य क्रमांकाची ताळमेळासाठी, सोळावी सिग्नलिंगसाठी, उरलेल्या ३० कॉलसाठी. पण एक्स्चेंजकडून चार गोष्टी लेखी घेतल्याशिवाय रॅसला हात लावू नये. सिग्नलिंग पीआरआय आहे की आर-२ ही दुसरी पद्धत, सीआरसी-४ ही चुका पकडणारी तपासणी चालू की बंद, केबल ७५ ओहमची कोअॅक्स की १२० ओहमची तारांची जोडी, आणि क्लॉक, म्हणजे दोन्ही टोकांचा ताल ठरवणारं घड्याळ, कोण देणार. केबल जुळत नसेल तर मधे बॅलन हा दोन्ही केबल जुळवणारा छोटा जोड लागतो. रॅसवर लाल दिवा लागला तर आपल्याला सिग्नल मिळत नाही. पिवळा लागला तर समोरच्याला आपला मिळत नाही, म्हणजे आपल्याकडून जाणारी तार तपासायची.

यात सगळ्यात फसवी क्लॉकची भानगड. रॅस स्वतःच्या घड्याळावर ठेवला तर कॉल लागतात, बोलूनही पाहता येतं, दिवे हिरवे असतात. फक्त मोडेम दर दोन-चार मिनिटांनी अडखळतात आणि तुटतात. ई-१वर सेकंदाला ८,००० फ्रेम, म्हणजे ३२ खाचांचे गठ्ठे, जातात. दोन्ही टोकांच्या घड्याळांत दहा लाखात एकाचा फरक असला तरी साधारण सव्वाशे सेकंदांत एक फ्रेम हरवते किंवा दोनदा येते. बोलणाऱ्याला ती बारीकशी टिक ऐकू येते, मोडेमला मात्र ताल पुन्हा जुळवावा लागतो. क्लॉक लाइनवरून घ्यायचा आणि स्लिपचा, म्हणजे अशा हरवलेल्या किंवा दुबार फ्रेमचा, आकडा रात्रभर शून्यावर राहतो का ते पाहायचं. तो शून्यावर राहत नाही तोवर ग्राहकांना नवा नंबर देऊ नये.

दुसरा अडथळा पासवर्डांचा. आमचे सगळे पासवर्ड लिनक्सवर क्रिप्ट केलेले, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात, होते. अशा पासवर्डांवर पॅप, म्हणजे पासवर्ड जसाच्या तसा पाठवायची पद्धत, चालतं. चॅप, म्हणजे पासवर्ड न पाठवता तो माहीत असल्याचं पटवायची पद्धत, चालत नाही, कारण चॅपला सर्व्हरवर मूळ पासवर्ड लागतो. रॅस मात्र मूळ सेटिंगमध्ये चॅप आधी मागत होता आणि विंडोज ९८ आज्ञाधारकपणे तेच देत होतं. चाचणीचा प्रत्येक कॉल ६९१ या चुकीच्या आयडी-पासवर्डाच्या एररवर आपटायचा, पासवर्ड बरोबर असूनही. रॅसवर फक्त पॅप ठेवलं. त्यासोबत ग्राहकाच्या मशीनवर ‘रिक्वायर एनक्रिप्टेड पासवर्ड’ची खूण काढायला सांगावं लागतं. लॉगिन तपासणाऱ्या आणि तासांचा हिशेब ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरचे पोर्ट क्रमांकही एकदा पाहून घ्यावेत. जुनी उपकरणं १६४५ आणि १६४६ वापरतात, नवी १८१२ आणि १८१३. लॉगिन जुळलं आणि हिशेबाचा पोर्ट चुकला तर लोक तासन्‌तास मोफत फिरतात आणि कुणी तक्रार करत नाही.

उलटी चूक जास्त त्रासाची. सेशन संपल्याचं पाकीट, म्हणजे रॅसने रेडियसला पाठवलेला संदेश, हरवलं तर रेडियसच्या लेखी माणूस अजून आतच असतो. एका वेळी एकच लॉगिन हा नियम असल्यामुळे तो पुन्हा डायल करतो तेव्हा दार बंद. म्हणून रॅस रीस्टार्ट करताना तो हिशेब-सुरू असं पाकीट पाठवतो का, आणि ते आल्यावर त्या रॅसची उघडी सेशन आपोआप मिटतात का, हे आधी तपासलं. शिल्लक तासांचा वाद झाला की ग्राहक टिकत नाही.

आता ग्राहकांना द्यायची सूचना. आमचा पहिला मसुदा ‘तांत्रिक सुधारणांसाठी सेवा तात्पुरती खंडित राहील’ असा होता. तो वाचून कुणालाही काही करता आलं नसतं. दुसरा मसुदा असा : ‘शनिवारी रात्री १२ ते रविवारी सकाळी ६ नेट लागणार नाही. रविवारपासून खालील नवा नंबर वापरा. जुना नंबर आणखी एक महिना चालेल. आयडी, पासवर्ड, ईमेल आणि शिल्लक तास तेच राहतील. नवा नंबर लागला नाही तर पडद्यावरचा तीन आकडी एरर नंबर लिहून ठेवा आणि मग आम्हाला फोन करा.’ शेवटच्या वाक्याने फोनवरचा वेळ निम्म्यावर आला. ६८० म्हणजे डायलटोन नाही, ६७६ व्यस्त, ६७८ समोरून उत्तर नाही, ६९१ आयडी-पासवर्ड, ७२० म्हणजे मशीनवरचं टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटशी बोलणारं सॉफ्टवेअर, नीट बसलेलं नाही. आकडा कळला की निम्मं निदान झालेलंच असतं.

ही सूचना फक्त ईमेलने पाठवून भागत नाही. बरेच जण चार-चार दिवसांनी मेल उघडायचे, आणि नेट बंद असताना नेटवरची सूचना वाचणार कोण? पंधरा दिवस, सात दिवस आणि एक दिवस आधी मेल, नूतनीकरणाच्या पावतीमागे छापील मजकूर, सायबर कॅफे आणि एसटीडी बूथवर कागद, आणि मदतीच्या फोनवर सुरुवातीलाच ध्वनिमुद्रित निरोप, इतकं केलं. रेडियसमधून उत्तरासोबत निरोप धाडता येतो, पण विंडोज तो दाखवत नाही. त्यात वेळ घालवू नये. बदलानंतर जुन्या मोडेमांवरून येणाऱ्यांना वेगळे आयपी पत्ते दिले आणि त्यांचं पहिलं वेबपान प्रॉक्सी या मधल्या सर्व्हरमधून सूचनेच्या पानावर वळवलं. हा उपाय सगळ्यांत जास्त लागू पडला.

ग्राहकाने करायचे बदल चार ओळींत बसले. डायल-अप नेटवर्किंगमधल्या आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, नवा नंबर. ‘यूज एरिया कोड अँड डायलिंग प्रॉपर्टीज’ची खूण काढायची. ती राहिली आणि मशीनमधलं ठिकाण वेगळ्या गावाचं असलं तर विंडोज नंबराआधी शून्य आणि एसटीडी कोड जोडतं आणि कॉल लागतच नाही. सर्व्हर टाइप्समध्ये फक्त टीसीपी-आयपी ठेवायचं आणि ‘रिक्वायर एनक्रिप्टेड पासवर्ड’ची खूण काढायची. स्क्रिप्टिंगमध्ये जुनी लॉगिन स्क्रिप्ट असेल तर काढून टाकायची. जुनं मशीन ‘लॉगिन’ असा प्रश्न विचारायचं, नवा रॅस सरळ पीपीपी ही नेट जोडायची पद्धत सुरू करतो, आणि स्क्रिप्ट त्या प्रश्नाची वाट पाहत बसते. ऑफिसातल्या ईपीएबीएक्समागच्या, म्हणजे अंतर्गत टेलिफोन यंत्रणेमागच्या, मोडेमला नंबराआधी शून्य आणि स्वल्पविराम लागतो. स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंदांचा थांबा. काही ईपीएबीएक्समध्ये १ने सुरू होणारे नंबर अडवलेले असतात. ते आधी उघडून घ्यावे लागतात.

बहुतेकांना ४४,००० ते ४९,३३३ दिसू लागलं. काहींचं मात्र बिघडलं. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरलं की तारेवर खरखर येते, आणि व्ही-९० ती व्ही-३४पेक्षा कमी सोसतं. अशांना मोडेमच्या एक्स्ट्रा सेटिंगमध्ये ल्यूसेंट चिपसाठी एस३८=०, यूएस रोबोटिक्ससाठी एस३२=९८ लिहायला सांगितलं. मोडेम ३३,६००च्या आत राहतो, पण तुटत नाही. तुटणाऱ्या ४८,०००पेक्षा टिकणारे २८,८०० कधीही बरे. एमएआरआर रेडिओवर, म्हणजे तारेऐवजी वायरलेसवर, फोन असलेल्या गावांना या बदलाचा काहीच उपयोग नव्हता, तिथे जोडणी मुळातच टिकत नसे.

एक गोष्ट सूचनेत लिहायची राहिली, आणि ती लिहायलाच हवी होती. आमच्याकडून पुढे इंटरनेटकडे जाणारी लीज्ड (भाड्याची कायमची) लाइन ६४ केबीपीएसची होती. रात्री नऊ ते अकराला तीसही कॉल भरले आणि सगळे एकदम काही उतरवू लागले तर वाट्याला जेमतेम दोन केबीपीएस येतात. कोपऱ्यातला ४५,३३३ हा ग्राहक ते आम्ही एवढ्याच वाटेचा वेग. पुढची वाट तितकीच अरुंद. स्क्विड या प्रॉक्सी प्रोग्रॅमची कॅशे, म्हणजे एकदा आलेल्या पानांचा साठा, लावल्यावर तीच तीच पानं झटकन येऊ लागली, पण मोठी फाइल उतरवणाऱ्याला फरक कळला नाही आणि त्याने आम्हाला खोटं ठरवलं. लाइन १२८ केबीपीएसची होईपर्यंत ते ऐकून घेणं भाग होतं.

जुन्या लाइन हंटिंगच्या शेवटाकडून कमी केल्या : सोळाच्या आठ, आठाच्या चार. महिना संपताना जुन्या मशीनवरच्या नोंदींत सात दिवसांत दोनच आयडी उरले होते, आणि दोन्ही ठरावीक अंतराने, अगदी पहाटे तीनलाही डायल करत होते. ती माणसं नव्हतीच. ऑफिसांतली मेल आणणारी मशीनं होती, दर अर्ध्या तासाला आपणहून लागणारी. त्यांनी ना मेल वाचली, ना सूचनेचं पान उघडलं. नोंदणीच्या अर्जावरून त्या ऑफिसांचे फोन शोधले, जाऊन नंबर बदलून दिले, आणखी आठवडाभर नोंदी कोऱ्या आहेत हे पाहिलं आणि शेवटच्या चार लाइन परत करून अनामतीचा अर्ज दिला.