वसईतला नाताळ: २२ डिसेंबरलाच पोहोचा

नाताळ बघायला वसईला जायचं असेल तर २५ तारखेची दुपार गाठू नका. रात्रभर जागलेली घरं तेव्हा पेंगत असतात आणि बघण्यासारखं बरंचसं होऊन गेलेलं असतं. आम्ही २२ ला सकाळी पोहोचलो आणि २६ ला निघालो. इथला नाताळ हाताने करायचा सण आहे. सगळी भावकी एका ओटीवर बसून तो करते, आणि ते काम २२, २३ आणि २४ ला चालतं.

आधी वाट. कुठल्या गावी जायचं त्यावर स्टेशन ठरतं. पापडी, रमेदी, सांडोर, गिरीज यांसाठी वसई रोड, गास-निर्मळसाठी नालासोपारा आणि आगाशी-नंदाखालसाठी विरार. तिन्हीकडे पश्चिमेला उतरायचं आणि पुढे बस किंवा रिक्षा. पुलावरची गर्दी आणि नव्या इमारती मागे पडल्या की केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि प्रत्येक नाक्यावर चुना लावलेला क्रूस दिसू लागतो. २४ च्या रात्री मिस्सा (ख्रिस्ती देवळातली मुख्य उपासना) बघून लगेच परतायचा बेत आखू नका. मिस्सा संपायला मध्यरात्र उलटते, तेव्हा रिक्षा नसते आणि शेवटची लोकल बहुधा निघून गेलेली असते. रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा.

१५३४ ते १७३९ ही दोनशे वर्षं वसई पोर्तुगीजांकडे होती, मग चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. इतकं होऊनही इथल्या ख्रिस्ती घरांची भाषा मराठीच राहिली. घरात सामवेदी (हिलाच कादोडी म्हणतात) किंवा वाडवळी बोलतात आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रमाण मराठी. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली, तेव्हा वसईला प्रार्थनेची भाषा कुठून आणावी लागली नाही. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला विभाग, झाला.

आता ओटीवर या. २२ ला पीठ मळायला घेतात ते कुलकुलांचं, म्हणजे शिंपल्यासारख्या वळलेल्या तळणीच्या गोड खाऊचं. अर्धा किलो मैद्याला साधारण शंभर ग्रॅम बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन अंडी, दोन मोठे चमचे गरम तूप, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढं नारळाचं जाड दूध. पीठ पुरीपेक्षा किंचित मऊ हवं. ओल्या फडक्याखाली दोन तास झाकून ठेवतात म्हणजे रवा फुलतो. मग बोराएवढ्या गोळ्या करायच्या. सुपात एका बाजूला गोळ्या आणि दुसऱ्या बाजूला वळलेली कुलकुलं. वळायला हात जितके जास्त तितकं बरं, म्हणून चुलत्या, आत्या, जावा, सुना, नाती सगळ्या बसतात आणि लहान मुलांनाही एक-एक काटा मिळतो.

वळण्याची रीत जवळून बघण्यासारखी आहे. काट्याच्या पाठीवर किंवा खास याच कामासाठी ठेवलेल्या कोऱ्या कंगव्यावर गोळी ठेवायची, अंगठ्याने दाबत पुढे सारायची की पातळ पापुद्रा होतो, आणि तोच पापुद्रा उलटा गुंडाळत आणायचा. बाहेर रेघा उमटतात आणि आत पोकळी राहते. या पोकळीसाठीच सगळा खटाटोप. अंगठा हलका पडला तर पापुद्रा जाड राहतो, मध्यभाग कच्चा राहतो आणि दोन दिवसांत कुलकुल मऊ पडतं. शेवटची कड नीट दाबली नाही तर ते कढईत उलगडतं. तूप जास्त झालं तर तेलात विरघळल्यासारखं फुटतं. आच मध्यम ठेवायची, कारण साखरेमुळे रंग लवकर येतो आणि फसगत होते. तळून झाल्यावर पूर्ण गार होईपर्यंत डब्यात भरायचं नाही. कोमट कुलकुलांच्या वाफेने अख्खा डबा नरम पडतो, आणि नवशिक्याकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. नीट जमलेली कुलकुलं तीन आठवडे खुसखुशीत राहतात. शेजारी ओल्या नारळाच्या करंज्या चाललेल्या असतात. त्या मात्र दोन-तीन दिवसांतच संपवायच्या.

२३ ला इंद्याल. हे डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट कालवण निदान एक दिवस आधी तरी करून ठेवायचं असतं. एक किलो मटणाला वीसेक काश्मिरी मिरच्या, एक गड्डा लसूण, दोन इंच आलं, दोन चमचे जिरं, दहा-बारा मिरी, दालचिनी, लवंग आणि हळद, हे सगळं व्हिनेगरमध्ये वाटायचं. पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये पाण्याचा थेंब जाता कामा नये. इंद्याल चार दिवस टिकतं ते व्हिनेगर आणि मीठ यांच्या जोरावर, आणि पाण्याने तो जोर मोडतो. अ‍ॅल्युमिनियमचं भांडंही नको, आंबटामुळे चव कळकते. मातीचं किंवा स्टीलचं घ्या. शिजताना मटणाची चरबी सुटते, तीच वर तवंगासारखी बसते आणि खालचं कालवण झाकून ठेवते. आम्हाला २३ ला चाखायला दिलेलं आणि २५ ला ताटात वाढलेलं इंद्याल एकच होतं यावर विश्वास बसू नये इतकी चव मुरलेली होती.

इंद्यालाबरोबर फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर आणि मीठ. पूर्वी हे पीठ ताडीने फुगवत, आता बहुतेक घरी यीस्ट. अर्धा किलो मैद्याला सात-आठ ग्रॅम सुकं यीस्ट पुरतं. पीठ सैल आणि चिकट हवं आणि ते हाताने वीस मिनिटं तरी आपटत फेटायचं, लाटायच्या पिठासारखं घट्ट करायचं नाही. डिसेंबरच्या गारव्यात ते लवकर चढत नाही. म्हणून पातेलं चुलीजवळ गोधडीत गुंडाळून ठेवतात आणि तीन तासांऐवजी चार-पाच तास धरतात. तळताना हात पाण्यात बुडवून मूठ वळायची. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पिठाचा फुगा वर येतो, तो बोटाने तोडून तेलात सोडायचा. पीठ नीट चढलं असेल तर फुगा एका बाजूने तांबूस झाला की आपोआप कलंडतो. कलंडत नसेल तर पीठ घट्ट झालंय किंवा अजून चढलेलं नाही. अशा वेळी थांबायचं आणि पातेलं पुन्हा झाकून ठेवायचं, तळत सुटायचं नाही.

पुरुषमंडळी आणि तरुण पोरं गोठ्याकडे असतात. येशूजन्माचा देखावा म्हणजे गोठा. असा देखावा मांडायची परंपरा असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी केलेल्या देखाव्यापासून सांगतात. वसईत त्यात वसईच उतरते: पेंढ्याचं छप्पर, बांबूच्या कामट्यांच्या भिंती, विहीर, रहाट, केळीची बाग. डोंगरासाठी गोणपाट पातळ खळीत बुडवून खोक्यांवर पसरतात आणि वाळलं की रंगवतात. शेतासाठी खरे गहू पेरतात, त्याची वेळ मात्र अचूक साधावी लागते. १३-१४ डिसेंबरला गहू रात्रभर भिजवायचे, एक दिवस फडक्यात बांधून मोड आणायचे आणि माती-खताच्या ताटलीत दाट पसरायचे. २४ पर्यंत चार-पाच बोटं उंच हिरवळ होते. त्याच्याही आठवडाभर आधी पेरलं तर रोपं लांबून आडवी पडतात, आणि घरात अंधारात ठेवलं तर पिवळी निघतात. रोज सकाळचं ऊन दाखवावंच लागतं.

गोठ्यात मारिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव असतात, पण गव्हाण रिकामी असते. बाळाची मूर्ती मध्यरात्रीपर्यंत ठेवायची नाही. बाळाच्या दर्शनाला आलेले तीन राजे दूर कोपऱ्यात उभे करतात आणि मुलं त्यांना रोज वीतभर पुढे सरकवतात.

दारावरच्या चांदणीबद्दल थोडंसंच. सारख्या लांबीच्या पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्हींची टोकं एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच सांध्यांवर वीतभर काड्यांचे टेकू द्यायचे. वसईला पहाटे दव पडतं, त्याने पिठाची खळ सुटते आणि पतंगाचा कागद लोंबतो. बाहेर टांगायची असेल तर जिलेटिन कागदच वापरा. आत दिवा एलईडीचा हवा, जुना बल्ब कागद जाळतो.

देवळात नाताळाची सुरुवात चार रविवार आधी होते. हा आगमनकाळ. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो आणि आल्तारावर, म्हणजे वेदीवर, फुलं बेताची. हिरव्या पानांच्या वेढ्यात चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटते, आणि गुलाबीची पाळी तिसऱ्या रविवारी येते, कारण तो आनंदाचा रविवार. या काळात रविवारच्या मिस्सेतही ‘ग्लोरिया’ म्हणजे गौरवगीत गात नाहीत. १६ तारखेपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. त्याच दिवसांत पापनिवेदनाच्या रांगा लागतात आणि तरुणांचे गट घरोघर नाताळगीतं गात फिरतात.

चार रविवार न गायलेलं ते गौरवगीत २४ च्या रात्री सुरू होतं, त्याच क्षणी घंटा वाजू लागतात. हा क्षण चुकवू नका. मोठ्या धर्मग्रामांत (एका देवळाशी जोडलेल्या वस्त्यांत) देऊळ पुरत नाही म्हणून मिस्सा पटांगणात होते. वेळ दर गावी वेगळी असते, तेव्हा दुपारीच देवळाच्या फलकावर बघून ठेवा आणि पाऊण तास आधी जागा धरा. शाल, टोपी आणि जाड सतरंजी बरोबर हवी. दहानंतर दव उतरतं आणि खुर्चीही ओली होते. म्हाताऱ्या सामवेदी बायका लाल लुगड्यात पुढे बसलेल्या असतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा वृत्तान्त वाचला जातो. एरवी श्रद्धाप्रकटनात, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या घोषणेत, ‘मानव झाला’ या शब्दांवर नुसती मान लववतात, पण नाताळाला तिथे सगळे गुडघे टेकतात. हे ठाऊक नसेल तर आपण एकटेच उभे राहतो. कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) फक्त कॅथलिकांनी घ्यायचं. तुम्ही कॅथलिक नसाल तर जागेवरच बसा, त्यात कुणाला काही वाटत नाही. मिस्सा संपली की बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला रांग लागते आणि त्या रांगेत सगळ्यांनाच जागा असते. फोटो तेव्हाही फ्लॅश न लावता.

नाताळाच्या मिस्सेचे चार वेगवेगळे पाठ, म्हणजे बायबलमधल्या वाचनांचे संच, आहेत: सांजेचा, रात्रीचा, पहाटेचा आणि दिवसाचा. दिवसाच्या मिस्सेला योहानच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचतात. रात्रीची गर्दी आणि गारवा झेपत नसलेली घरातली वडीलधारी मंडळी सकाळच्या मिस्सेला जातात. आम्ही दोन्हीला गेलो. ज्याला पाठ नीट ऐकायचे आहेत त्याने सकाळचीच निवडावी.

घरी परतल्यावर सगळ्यात लहान मूल बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवतं, सगळे मिळून एक प्रार्थना म्हणतात आणि पहाटेपर्यंत केक, कुलकुलं, गरम पेयं चालतात. २५ ला दुपारी भावकीचं एकत्र जेवण. आधी मुलांची पंगत, मग पुरुषांची आणि शेवटी रांधणाऱ्या बायकांची. ही रीत बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं. काही घरांत आता सगळे एकदम बसतात आणि वाढणं पोरांकडे असतं, ते फार छान दिसतं. जेवणाआधी मात्र एक काम असतं. ताटांत करंज्या, कुलकुलं, केक भरून, वर विणलेला रुमाल टाकून ती हिंदू शेजाऱ्यांकडे पोचवायची. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचं ताट आलेलं असतं, त्याच ताटातून हे परत जातं. कुठलं ताट कुठल्या घरचं, हे घरातल्या आजींना तोंडपाठ होतं.

२६ ला निघताना गोठ्यातले राजे अर्ध्या वाटेवर होते. भारतात त्यांचा सण २ ते ८ जानेवारीच्या दरम्यानच्या रविवारी येतो. तोवर गव्हाचं शेत वीतभर वाढून वाकलेलं असेल. राजे गव्हाणीपाशी पोचले, की एव्हाना गळू लागलेला पेंढा आणि ते गहू गोठ्यातून निघून खऱ्या गुरांपुढे जातील, आणि मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा माळ्यावर.