आईची वही आणि धर्मादायचा अर्ज

आई गेल्यावर तिच्या लोखंडी कपाटात एक वही सापडली. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तिची सगळी नोकरी झाली, त्यामुळे कपाटात वह्यांचा तोटा नव्हताच. ही मात्र वेगळी होती. तारीख, कशासाठी, किती रुपये आणि परत, असे पट्टीने आखलेले चार रकाने. ‘डी.एड. फॉर्म, ५०.’ ‘नर्सिंग, जायला-यायला एसटी, ३४.’ ‘बारावी परीक्षा फी, ११०.’ नावं कुठंच नाहीत. ‘परत’ या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक अक्षरही नाही.

तेराव्याला तिच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. बाईंच्या नावानं काहीतरी करू, आम्हीही पैसे घालतो, असं त्यांनीच काढलं. मी हो म्हणून बसले.

वकीलकाकांनी मला आधी परावृत्तच करून पाहिलं. “पाच लाखांसाठी ट्रस्ट कशाला? शाळेत ठेव ठेव, व्याजातून दरवर्षी बक्षीस दे.” हिशेब त्यांचा बरोबर होता. पाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार व्याज, त्यातून ऑडिटरची फी जाणार, वर नोंदणीचे हेलपाटे वेगळे. फक्त घरचेच पैसे असते तर मी ऐकलं असतं, आणि तुमच्याकडे फक्त घरचेच पैसे असतील तर तुम्हीही ऐका. पण चाळीस बायका माझ्या खात्यावर पैसे पाठवणार आणि मी ते ‘आईच्या नावानं’ खर्च करणार, हे मला पटेना.

आमचं गावातलं घरही ट्रस्टला द्यायचं डोक्यात होतं. ते काकांनी लगेच काढायला लावलं. स्थावर मिळकत एकदा सार्वजनिक न्यासाची, म्हणजे ट्रस्टची झाली, की विकताना सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. पुढं पन्नास वर्षांनी कुणावर काय वेळ येईल, कोण सांगणार!

काकांच्या कारकुनानं न्यासपत्राचा तयार मसुदा पाठवला, त्यात सत्तावीस उद्दिष्टं होती. गोशाळा, सामुदायिक विवाह, रक्तदान, वृद्धाश्रम, योगवर्ग, पाणलोट. मी खोडत गेले, काका पुन्हा घालत गेले. त्यांचं म्हणणं, कागदावर नसलेलं काम पुढं करायचं ठरलं तर अडचण होते. माझं म्हणणं, हे वाचून ही कुणाची आई होती ते कळणार नाही. शेवटी चार ठेवली. पहिलं वाक्य लिहायला मात्र तीन आठवडे गेले. ‘दहावीनंतर शिकू इच्छिणाऱ्या मुलींना प्रवेश अर्ज, परीक्षा शुल्क व त्यासाठीचा प्रवास यांकरिता साहाय्य.’ हे जवळजवळ वहीतूनच उचललं आहे. फॉर्मचे पन्नास रुपये नसले म्हणून मुलगी घरी बसते, हे आईला दिसायचं. मोठ्या शिष्यवृत्त्यांना ते दिसत नाही.

मावशीचा आग्रह होता, आधी घरच्या पोरींना द्या. तिला समजावताना नाकी नऊ आले. विश्वस्तांच्या जवळच्या नातलगांना लाभ दिला तर आयकराची सवलतच धोक्यात येते, हे कारण तिला पटलं नाही. अजून ती अधूनमधून विषय काढते.

सगळ्यात जड गेलं ते दादाचं प्रकरण. दादा न्यू जर्सीत, सात वर्षांपूर्वी तिकडचा नागरिक झाला. त्यानं पहिल्याच फोनवर मोठी रक्कम सांगितली. सीए म्हणाले, घेता येणार नाही. भारताचा पासपोर्ट ठेवून परदेशात राहणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतून दिलं तर चालतं. नागरिकत्व बदललं की तोच पैसा ‘परदेशी योगदान’. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि त्या नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च केलेली हवी. आमची तर अजून जन्मायची होती. दादा कितीतरी वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “म्हणजे आईच्या ट्रस्टला मी परका?” मला उत्तर सुचलं नाही. आईच्या ठेवींतला त्याचा वाटा त्यानं बँकेच्या कामाच्या वेळीच माझ्या नावे सोडून दिला होता. मूळ निधी त्यातूनच उभा राहिला, पण कागदावर तो माझा.

या सगळ्यात न्यासपत्रावर सह्या होऊन दोन महिने उलटले. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, हे काकांनी आठवण करून दिल्यावर धावपळ सुरू झाली. विश्वस्तांची संमतीपत्रं, शपथपत्र, कोर्ट फी स्टॅम्प, कार्यालयाच्या पत्त्यासाठी घरमालकाची ना हरकत, वीजबिल. बिल निघालं अण्णांच्या नावावर, आणि अण्णांना जाऊन अकरा वर्षं झालेली! कुणी बदललंच नव्हतं. तुम्ही यातून जाणार असाल तर आधी ते बिल बघा. बाकीचे कागद पाठोपाठ जमतात.

नंतर धर्मादाय कार्यालयाची चौकशीची जाहीर नोटीस लागली. हरकतींसाठी ३० दिवस. हरकत कोण घेणार, असं म्हणत मी रोज धास्तावून होते. सुनावणीला तिसऱ्या विश्वस्त माझ्याबरोबर आल्या. आईची विद्यार्थिनी, सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. नेमक्या कोणत्या मुलींना मदत करणार, असं साहेबांनी विचारलं. मी उद्दिष्ट क्रमांक एक वाचायला लागले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “माझ्यासारख्या, साहेब.” पुढं साहेबांनी काही विचारलं नाही. काही आठवड्यांनी ‘ई’ नोंदवहीतला क्रमांक असलेलं प्रमाणपत्र हातात आलं. मग पॅन, बँकखातं, ट्रस्टला आणि देणगीदारांना आयकरात सवलत मिळावी म्हणून १२ए आणि ८०जीची तात्पुरती नोंदणी. हे सगळं सीएंनी संगणकावर बसून केलं, मला त्यात फारसं कळलं नाही.

पहिल्या वर्षी एकोणीस मुलींचे फॉर्म भरले.

याच मार्चमध्ये गावच्या घराच्या दाराखालून कुणीतरी पाकीट सरकवून गेलं. आत पाचशेच्या दोन नोटा, चिठ्ठी नाही, नाव नाही. सीएंना फोन केला. ते म्हणाले, निनावी देणगी एका मर्यादेपर्यंत चालते, एवढ्यानं काही होत नाही, पण रोजकीर्दीत नोंद करा.

“नाव काय लिहू?”

“‘अज्ञात दाता’ लिहा,” ते म्हणाले, “आणि कशासाठी, ते विचारू नका मला.”